कै. सोमनाथ यास

भोर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

कै. सोमनाथ यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी काय लावावं यात अर्धा तास गेला. ‘चि.’ लिहावं, तर मी स्वतः उभं राहून तुझं क्रियाकर्म करून घेतलंय. ‘श्री.’ लिहावं, तर ते वीजबिलासारखं दिसतं. शेवटी आईच्या भिंतीवर फोटोखाली जे रंगवलंय तेच उतरवून काढलं. तू तो नसशील, तर ज्या कुणा सद्गृहस्थाने हे पाकीट फोडलं त्याने पुढे वाचू नये. वाचायचंच असेल तर निदान हसू नये. हसवणं हा माझा धंदा आहे, आज सुट्टी घेतली आहे.

झालं असं. राजनंदिनी पुण्याहून घरी आली होती. तू माझ्या लेकीला शेवटची पाहिलीस तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तुझ्या खांद्यावर बसून आंबे पाडायची. आता कॉलेजात आहे आणि मैत्रिणींबरोबर एका दिवसात खारबंदरला जाऊन यायचं म्हणते. मी विचारलं, तिथं समुद्राकाठी करायचं काय? म्हणाली, “आई, तिथं काहीच करायचं नसतं.” म्हटलं, ते तर तू इथंही करतेस. तेव्हा तिने मोबाईल माझ्या नाकाशी धरला आणि एक रील लावलं. खारबंदरचा एक दिवस, सात गोष्टी.

पहिली गोष्ट, घड्याळ काढून ठेवा. हे सांगणाऱ्या मुलीला स्वतःला इतकी घाई होती की तिचे निम्मे शब्द कळले नाहीत. दुसरी, अनवाणी चाला. तिसरी, ‘हळूहळू’ नावाच्या शॅकमध्ये झुल्यात पडून राहा. तिथं फाटक्या कपड्यांतली श्रीमंत माणसं मांडीवर गिटार घेऊन बसली होती. वाजवता येणारं त्यांत कुणी दिसलं नाही. एकाचे केस सुंभासारखे वळलेले. एक बाई वाळूत खाली डोकं वर पाय करून शांती शोधत होती. मी मनातल्या मनात माझ्या सदराचे चारशे शब्द जुळवायला घेतलेही होते. आणि त्या बाईच्या वर आलेल्या पायांमागे, कोपऱ्यात, एक माणूस माडाला झुला बांधत होता. पाठमोरा. डोक्यावर केसांचा बुचडा. गाठ मारता मारता त्याने डावा पाय उचलला आणि अंगठ्याने उजवी पोटरी खाजवली. बगळ्यासारखा, एका पायावर, तोल न जाता.

चार सेकंद. ते मी किती वेळा बघितले ते सांगत नाही. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे का ते दिसतं का बघत होते. नाही दिसली.

असा उभा राहणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला आहे, आणि त्याला आम्ही जाळला आहे.

त्या दिवशी आईही बाजारासाठी भोरला आली होती. तिनेही रील बघितलं. “परत लाव गं. परत लाव.” मला वाटलं, उलट्या बाईची गंमत वाटतेय.

मी येणार आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत, तसदी देणार नाही. तू तो असशील तर एक ओळ लिही. नसशील तरी लिही. पाकिटावर ‘झुले बांधणारे गृहस्थ, हळूहळू, खारबंदर’ एवढंच घातलंय. पोस्टमन काय म्हणेल ते म्हणो.

सुलक्षणा


भोर,
रविवार, २८ डिसेंबर २०२५

कै. सोमनाथ यास,
आशीर्वाद.

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. तुमच्याकडे पोस्टही हळूहळूच जात असेल असं धरून चालते.

तोवर तुझ्या मरणाची हकीकत सांगते. तू हजर नव्हतास.

१६ मे २०१०. सकाळी धरणाच्या पाण्याकाठी तुझ्या चपला सापडल्या. शेजारी शेजारी, टाचेला टाच लावून, देवळाबाहेर एखाद्या हेडमास्तराने काढाव्यात तशा. होडी उलटून गोरख बुडाला आणि तू वाचलास, त्याला तेव्हा आठवडाच झाला होता, त्यामुळे कुणी फार डोकं चालवलं नाही. मित्रामागे गेला, म्हणाले. गळ टाकले, चार दिवस पाणी ढवळलं. आई काठावर बसून एकच म्हणत होती, “सोमा कधी चपला जोडीनं काढतो का गं?” मी तिला गप्प केलं. तुझी एक चपल उंबऱ्यात आणि दुसरी गोठ्यापाशी असायची, हे मला माहीत नव्हतं का? पण तू मेलेला बरा की पळालेला बरा, हे मला त्या दिवशी ठरवता येईना. पळाला असतास, तर का पळालास हे कुणीतरी विचारलं असतं. याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. कदाचित लिहिणारही नाही.

बारा वर्षं आई तुझे दिवस घालू देईना. २०२२ साली मीच हट्ट धरला. आंबवड्याचे गुरुजी आले. त्यांनी पळसाच्या तीनशे साठ काड्या मोजून माणूस मांडला. डोक्याच्या जागी नारळ. वर तुझा निळा शर्ट. चुलतभाऊ पप्पूने अग्नी दिला. पळसाचा सोमा बघता बघता जळाला, नारळ तेवढा फुटता फुटेना. मी म्हटलं, हे मात्र अगदी तुझ्यावर गेलंय. कुणी हसलं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर रांगेने बसून बघत होते, फुकट पास मिळालेल्या प्रेक्षकांसारखे. मी हात जोडून म्हटलं, आईला सांभाळीन. पप्पू म्हणाला, फोटो मोठा करून लावीन. एक जागचा हलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. तेव्हा आईने डोक्यावरचा पदर सारखा करून विचारलं, “आन आला तर?”

गुरुजी म्हणाले, “शास्त्रात त्याचीही सोय आहे, बनाबाई. सगळं करून झाल्यावर माणूस परत आला, तर तो नव्याने जन्मला असं धरायचं. तुपाने न्हाऊ घालायचं, पाचवी पुजायची, बाराव्या दिवशी बारसं करायचं. मग तो माणसांत.”

“नाव कोन ठेवतंय?”

“आत्या.”

“आत्या न्हाई त्याला.”

“मग बहीण ठेवील.”

त्यावर मी ‘नीरातीर’ साप्ताहिकात चारशे शब्द लिहिले, ‘तुपातला पुनर्जन्म’. माझं ‘मिरचीची धुरी’ हे सदर अजून चालू आहे, बरं का. लोकांना लेख फार आवडला. आईला वाचता येत नाही हे किती बरं, असं मला त्या आठवड्यात वाटलं. तसं मला आधीही एकदा वाटलं होतं.

आणखी एक. आई अजून वाडीतच राहते, एकटी. रोज दिवेलागणीला ओसरीच्या खुंटीवर एक कोरडा पंचा टांगते. कशाला, विचारलं तर म्हणते, “भिजून आला तर पुसायला नगं?” सोळावं वर्ष चालू आहे. मी वाडीला गेले की सकाळी उठून आधी त्या पंच्याला हात लावते. कधीकधी तो दमट लागतो. आमचे संजयराव म्हणतात, पाणी जवळ आहे, दव पडतं. त्यांचं खरंच असणार. तीस वर्षं एसटी चालवणाऱ्या माणसाला दव कळतं. मी मात्र वाडीला मुक्काम करायचं सोडून दिलं आहे.

सुलक्षणा


भोर,
रविवार, १८ जानेवारी २०२६

सोमनाथ,

‘कै.’ लिहायला हात वळत नाही, आणि ‘चि.’ लिहायला धीर होत नाही. तेव्हा नुसताच.

माझंच पाकीट मला परत आलं. फोडलेलं, पुन्हा चिकटवलेलं, वाळूचे कण गोंदाला. आत माझंच दुसरं पत्र. मला वाटलं, ‘असा कोणी राहत नाही’ म्हणून धाडलं. मग शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ‘साळूकाकू आहेत का?’

उतरत्या छपरासारखी ओळ. मास्तर तुला त्या अक्षराबद्दल छड्या मारायचे.

मी ते पत्र घेऊन मागच्या दाराशी गेले, परत पुढच्या दाराशी आले, आणि शेवटी स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला धरून उभी राहिले. संजयरावांनी विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “माझा भाऊ जिवंत आहे.” ते म्हणाले, “कोणता?” मला एकच आहे. एकच होता.

आई कशी आहे, असं नाही विचारलंस. मी कशी आहे, हे तर दिसतंच आहे. गोरखची आई आहे का, एवढंच. बरोबर आहे तुझं.

तर ऐक. साळूकाकू आहेत. गुडघ्यांनी बसल्या आहेत, जीभ चालती आहे. तुला आठवत असेल, गोरखला वर काढला त्या दिवशी त्या आपल्या दारात आल्या आणि दहाही बोटं मोडून म्हणाल्या होत्या, “तुजं केस तरी वलं व्हायचं व्हतं रं.” तू ओसरीवर बसला होतास. ते तू ऐकलंस. पुढचं तू ऐकलेलं नाहीस. तुझ्या चपला सापडल्यावर होडीवाला सावळाराम त्यांच्याकडे गेला आणि रडत रडत त्याने सगळं सांगितलं. तू गोरखसाठी चारदा बुडी मारलीस. चौथ्या वेळी वर येईनास, तेव्हा त्याने तुला केसांना धरून ओढून काढलं. आणि तुला काठावर टाकून तो गावाकडे पळाला ते माणसं घेऊन यायला दोन तास लागले. मे महिन्याच्या दुपारी दोन तासांत घोंगडं वाळतं, तुझे केस काय घेऊन बसलास. स्वतःच्या होडीला परवाना नव्हता, म्हणून तो इतके दिवस तोंड शिवून होता.

त्या संध्याकाळी साळूकाकू आपल्या घरी आल्या. आई वाल सोलत होती, तिच्या सुपातले अर्धे स्वतःच्या पदरात घेतले आणि सोलायला लागल्या. तेव्हापासून दोघी तशाच आहेत. पितृपक्षात गोरखचं आणि तुझं पान एकाच पत्र्यावर ठेवतात. गोरखचं पान ठेवून हात मागे घेईपर्यंत कावळा उतरतो. तुझं संध्याकाळपर्यंत तसंच, मुंग्या लागतात. गेल्या वर्षी साळूकाकू म्हणाल्या, “बने, तुज्या पोराला भूकच न्हाई.” आई म्हणाली, “त्यो जेवत आसंल कुठंतरी.” मी ते ऐकलं आणि कढईत भजी सोडत राहिले.

आता उरलेलं. गावाने तुला ‘कोरडेराव’ म्हणायला सुरुवात केली, ती साळूकाकूंमुळे नाही. ते नाव शनिवारच्या ‘नीरातीर’मध्ये छापून आलं होतं. ‘मिरचीची धुरी’. तुला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे.

सुलक्षणा


भोर,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

सोमनाथ,

दिवस ठरला. पुढचा रविवार, आठ तारीख. संजयरावांनी रजा टाकली आणि वहीच्या पानावर वेळापत्रक काढलं: भोर साडेपाच, वाडी सहा दहा, वाघजाई सात चाळीस (चहा, भजी, लघुशंका, मिनिटं बारा), महाड पावणेनऊ, खारबंदर सव्वाअकरा. परतीची गाडी तीन वाजता सुटेल, वरंधा घाट उजेडात चढायचा. मी म्हटलं, अहो, तिथं लोक घड्याळ काढून ठेवतात. म्हणाले, “त्यांना परत यायचं नसतं.”

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. मी दिवसभर ते घेऊन बसले आहे.

राजनंदिनी म्हणते, आई, तुम्ही तिथं शोभणार नाही, निदान एखादा सैल पायजमा घाल. मी आठवडी बाजारात नेसून जाते तेच पातळ जगात कुठंही चालतं असं माझं मत आहे.

आईला तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. समुद्र बघायला जाऊ म्हटलं. आधी फिस्कारली, “पानी बघाया मी लांब जाऊ? पानी माज्या परसात हाय.” मग दुसऱ्या दिवशी साळूकाकूंच्या मोबाईलवरून फोन आला, “यीन मी. फकस्त माजी पिशवी मांडीवरच ऱ्हाईल, डिकीत ठिवायची न्हाई.” काय आहे पिशवीत, तर सांगत नाही. चकल्या असतील.

ती तुला बघून जागच्या जागी कोसळली तर? हा विचार मी करते, आणि मग त्याच्या आड दडलेला दुसरा विचार दिसतो. तू तिला सांगितलंस तर?

म्हणून तू सांगण्याआधी मीच लिहिते. गेली सोळा वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. गोरख गेला त्या आठवड्यात चावडीपासून एसटी स्टँडपर्यंत सगळे मला टोचत होते, “सगळ्या तालुक्याला धुरी देता, आता घरच्याला द्या की.” मी दिली. मी कुणाला सोडत नाही, हे दाखवायचं होतं. आणि मला तरी तेव्हा कुठं माहीत होतं तू बुड्या मारल्यास ते? कळलं ते नंतर, सगळ्यांबरोबर.

हे खोटं आहे.

सावळाराम साळूकाकूंकडे जाण्याच्या दहा दिवस आधी माझ्याकडे आला होता. गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “ताई, तुमी भन हायसा, तुमास्नी म्हाईत आसावं,” म्हणाला, आणि सगळं सांगितलं. चार बुड्या, केसांना धरून ओढणं, सगळं. माझं नाव कुठं घेऊ नका म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. तो गेला. लेख शुक्रवारी सकाळी छपाईला जायचा होता. लेख येणार नाही, एवढा एक फोन करायचा होता, तो समोर भिंतीवर होता.

मी लेख काढून पुन्हा वाचला. ‘आमच्या गावचा एक तरुण पाण्यातून असा बाहेर आला की त्याचा भांगसुद्धा मोडला नव्हता; आम्ही त्यांस कोरडेराव म्हणतो.’

वाक्य चांगलं जमलं होतं, सोमा. दुसरं काही कारण नाही. मी बसून त्यातला एक स्वल्पविराम काढला आणि तिथं अर्धविराम घातला.

शनिवारी अंक आला. रविवारी पहाटे तू चपला जोडीने काढल्यास. दोन्ही मीच काढून ठेवल्यासारख्या मला दिसतात. लिहायला बसले की समोरच्या खुर्चीत कुणीतरी असतं, भांग पाडून, कोरडंठाक, माझं वाक्य संपायची वाट बघत. मी त्याला कधी विचारलं नाही, कोण म्हणून.

आठ तारखेला तू तिथं नसलास तर मी समजेन. पण आई समजेल की नाही, सांगता येत नाही.

सुलक्षणा


वाडी,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

अजून नाव नसलेल्यास,

हे पेन्सिलीने लिहिते आहे. का, ते शेवटी सांगते.

तू कुडाआड होतास, म्हणून तुला न दिसलेलं आधी सांगते. घाट उतरेपर्यंत आई नाकासमोर बघत बसली होती. वाघजाईला माकडांनी संजयरावांची भजी पळवली, तेव्हाही हसली नाही. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. खारबंदरला उतरलो आणि तिने आधी समुद्राकडे पाठ केली. वाळूवर, झुल्यात, चटयांवर माणसं पसरलेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, “समदी आजारी हायत का गं?” म्हटलं, नाही, निवांत आहेत. “कामाला कोन जातंय मग?”

तुझी ती मालकीण माया, सैल विजारीतली, ती आमच्याकडे आली आणि मी तुझं वर्णन केल्यावर माडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाली, “झुले बांधणारे? ते काल गेले. त्यांची इथली एनर्जी संपली.” चांगली बाई आहे. तिला खोटं बोलता येत नाही. तिला सांग, खोटं बोलताना वर बघू नये, मला विचार.

मी मुकाट्याने मान हलवली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. तू गेलास, सुटलो दोघे, असं वाटलं. संजयराव घड्याळ बघायला लागले. आणि वळून बघते तर आई जागेवर नाही. ती शॅकच्या मागच्या अंगाला, झावळ्यांच्या कुडापाशी खाली बघत उभी होती. कुडाच्या दाराशी एक चपल उताणी पडली होती. दुसरी चार हातांवर, केळीच्या बुंध्याशी.

“हितंच हाय,” आई म्हणाली, आणि वाळूत बसली.

साडेअकरा ते दोन. मी तिला पाणी दिलं, प्यायली नाही. मायाने नाचणीचं काहीतरी गोल आणून ठेवलं. पलीकडे कुणीतरी गिटारीच्या तारा पिळत होतं. मग दोन वाजून गेल्यावर आई कुडाला तोंड लावून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली:

“सोमा, तू भायेर नगं यिऊस. पोर पैल्यांदा आतच आसतंय. निसता हात काढ.”

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, आणि संजयरावांनीही घड्याळ बघितलं नाही. झावळी हलली. मनगटापर्यंत हात आला. डावा. करंगळी वाकडी, तुला आंब्यावरून मी पाडलं होतं तेव्हाची.

आईने पिशवीतून पितळी डबा काढला. घरच्या म्हशीचं तूप. ते ओंजळीत घेऊन तिने तुझ्या हाताला लावलं, एकेक बोट सोडवून, तान्ह्याला लावतात तसं. तुला ते आतून जाणवलं असेल, पण तिचा चेहरा तुला दिसला नाही. तो मला लिहिता येणार नाही. मी वाईट लिहिण्यात तरबेज आहे.

मग तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं टोपडं काढलं. पिवळं पडलेलं, एका बंदाचं. “तान्ह्याला पैलं कापड नवं घालत न्हाईत,” म्हणाली. “दुसऱ्याच्या पोराचं जुनं घालत्यात. ह्ये गोरखचं हाय. साळूनं सवताच्या हातानं काढून दिलंय.”

आणि तुझी मूठ मिटली. तूप आणि टोपडं घेऊन हात आत गेला.

मला बोलायचं होतं. मी कुडाजवळ गेलेही. सोळा वर्षं मी आठवड्याला चारशे शब्द विकते, त्यांतला एकही आला नाही.

परतताना महाड ओलांडल्यावर संजयराव आरशात बघत म्हणाले, “आई, तुम्हाला कधी कळलं?”

“त्या मोबाईलात पाय बघितला तवाच. म्या पोराच्या पोटऱ्या वळखंना का?”

“मग आम्हाला का नाही सांगितलं?”

“तुमी तरी कुठं सांगितलं, पाव्हणं?”

घाटात ऊन उतरलं होतं. आई स्वतःचा तळवा उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, “हात वला व्हता गं त्याचा. तूप लावायच्या आदीच.” मग खिडकीबाहेर बघत, अगदी साध्या आवाजात, “बाराव्या दिशी नाव ठिवाया तुलाच जावं लागंल, सुलक्षे. मागलं बी तूच ठिवलं व्हतंस.”

वाचता येत नाही तिला. सोळा वर्षं तिने माझ्या हातचा चहा प्यायला, माझ्या घरी येऊन माझ्या मुलीचे केस विंचरले, आणि ‘नीरातीर’च्या रद्दीवर लसूण सोलला. मी विचारलं, “तुला कुणी सांगितलं?” ती म्हणाली, “आता कशाला त्ये.”

आज पाचवी. मी वाडीला आले आहे, मुक्कामाला. आईने ओसरीवर पाटा-वरवंटा मांडला, त्याला हळदकुंकू लावलं, साळूकाकूंनी गुडघे धरत धरत लिंबाचा डहाळा आणला. मग आईने माझ्यापुढे हात केला. “कोरा कागद दे. आन तुजं पेन.” आज सटवाई येऊन पोराचं नशीब लिहिते ना, त्यासाठी. म्हटलं, माझंच कशाला, बाजारातून नवं आणते. “न्हाई. तुजंच पायजे.”

तर पेन पाट्यापाशी आहे. मी पेन्सिलीने लिहिते आहे. साळूकाकू मघाशी म्हणाल्या, “बने, त्याला घरी आन की आता.” आई त्यांच्यावर डाफरली, “पाच दिसांचं प्वार चालत यील व्हय? आपुनच जायाचं तवर.”

बारावा दिवस एकोणीस तारखेला येतो, शिवजयंतीचा. घाटात गर्दी असेल, संजयरावांना रजा मिळायची नाही. ते म्हणाले, बिनपगारी घेतो. त्यांनी वेळापत्रकाचं पान काढलंय, फक्त परतीच्या गाडीपुढची वेळ मोकळी ठेवली आहे. साळूकाकूही येतो म्हणतायत.

नाव अजून सुचलेलं नाही. मी कुडाशी येईन आणि तुझ्या कानात सांगेन. पण त्याआधी गुरुवारच्या संध्याकाळचं सगळं तोंडाने सांगेन, सावळाराम उंबऱ्यात उभा होता तिथपासून. आई आणि साळूकाकूंच्या देखत. मग तुला कान पुढे करायचा की नाही, ते तू बघ.

अंधार पडायच्या आत पत्र संपवते. आई खुंटीपाशी उभी आहे. पंचा काढून घडी घालत होती, आता थांबून माझ्याकडे बघते आहे.

“काय लिवतीयास?”

“पत्र. त्याला.”

“लिव. पर आज त्याचं बरंवाईट काय लिवू नगंस. आज ती लिवनार हाय.”

तुझी बहीण,
सुलक्षणा

ता. क. चपला जोडीने काढत जाऊ नकोस.